संमती कोणी दिली?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय न्यायमूर्ती, व्यासपीठावरील वकील संघाचे पदाधिकारी, ज्यांना आज आपण कामातून मोकळं करतो आहोत त्या आमच्या वकीलबाई, आणि सभागृहातील बंधुभगिनींनो,

या माइकवरून इतका वेळ कायदेपंडित बोलले. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई. मला कलमं येत नाहीत. पण ज्या निकालाचं तुम्ही सगळ्यांनी एवढं कौतुक केलंत, तो आमच्या घरातून निघाला. तेव्हा थोडं ऐकून घ्या.

माझी धाकटी बहीण एका सोनाराकडे दागिने पॉलिश करायची. एकदा तिथलं सोनं कमी भरलं आणि पोलिस कामगारांच्या घरोघर फिरले. धाकटीकडेही आले. हातात कोर्टाचा कागद नव्हता. कपाटं उपसली, पिठाचा डबा पालथा केला, हाती काही लागलं नाही. मग फौजदार म्हणाले, "लपवण्यासारखं काही नसेल तर फोन उघडा की!"

तिने उघडला.

फोनमध्ये सोनं कुठलं सापडायला? सापडले माझे निरोप. नवऱ्याचं घर सोडायचं ठरवलंय, मुलीला घेऊन जाईन, खोली बघून ठेवली आहे, असं सगळं मी तिला लिहिलं होतं. माझी मुलगी दिवसभर तिच्याकडेच असायची, आणि तिला न्यायला माझे यजमान नेमके तेव्हाच दारात आलेले. फौजदारांनी ते निरोप मोठ्याने वाचले. हसत हसत.

यजमान लेकीला घेऊन गेले ते थेट आपल्या गावी. ती परत माझ्या कुशीत यायला फार दिवस लागले. आणि ते सोनं? दुकानातल्याच पॉलिशच्या यंत्राच्या धूळपिशवीत, भुकटी होऊन साचलेलं निघालं. चोरी झालीच नव्हती!

मी धाकटीशी बोलणं टाकलं. वकीलबाईंनी तिच्या वतीने पोलिसांवर दावा लावला, तरी मी कोर्टाची पायरी चढले नाही. तिथे सरकारी वकिलांनी तिला विचारलं, "फोन उघडायचा नंबर तुम्हीच सांगितलात ना?"

"हो. मीच."

"कोणी हात पिरगाळला?"

"नाही."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. व्हरांड्यात तिला म्हणाल्या, "अगं, घाबरले होते एवढं तरी म्हण!" ती म्हणाली, "घाबरलेले तर सगळेच असतात, बाई. ताईचं घर मी मोडलं."

दावा हातचा जाणार म्हणून वकीलबाई माझ्या दुकानात आल्या. चष्मा पुसायच्या निमित्ताने बसल्या आणि म्हणाल्या, "तू तिला कधी विचारलंस, का उघडलास म्हणून?"

मी विचारलंच नव्हतं. सख्ख्या बहिणीला मी सरकारी वकिलाइतकासुद्धा प्रश्न केला नव्हता.

त्या संध्याकाळी गेले. तिने दार उघडलं आणि आधी माझ्या पायांकडेच बघत राहिली. मी विचारलं. ती म्हणाली, "पिल्लू तापाने फणफणलं होतं, ताई. नुकताच डोळा लागला होता. ते म्हणाले, फोन देत नसाल तर आतली खोली उपसतो, गादीसकट. म्हणून दिला."

माझीच लेक होती ती गादीवर.

न्यायमूर्तीसाहेब, दुसऱ्या दिवशी आपण तिला पुन्हा साक्षीला उभं राहू दिलंत. निकालात आपण लिहिलंत की आजारी लेकराच्या गादीवर हात ठेवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. आणि एका फोनमध्ये जी माणसं असतात, त्या सगळ्यांचं खाजगीपण त्यात असतं. आता या शहरात फोन मागायला येणारा शिपाई आधी कोर्टाचा कागद दाखवतो. वकीलबाई, हे तुमचं काम आहे, आणि ते कित्येक घरांना पुरेल.

पण खरं सांगू? फोन उघडण्यात धाकटीचा दोष नव्हता असं न्यायालयाने ठरवलं, तिने स्वतः अजून ठरवलेलं नाही. माझ्या लेकीला ताप आला की आजही ती माझ्याकडे बघत नाही. आणि मी तिच्याकडे बघायला इतका उशीर केला, त्याचा निकाल कोणतं न्यायालय देणार?

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. आज हे बोलण्याआधी मी तिची परवानगी घेतली. ती म्हणाली, "सांग. फक्त माझी चूक गाळू नकोस."

तिच्या शब्दाखातर गाळली नाही. माझीही नाही. वकीलबाई, तुमचे आभार मानायला उभी राहिले आणि घरचंच बोलत बसले. काही अधिकउणं निघालं असेल तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं.