दाढेशी हस्तांदोलन

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून शिंपी आपल्या नंबराची वाट बघत होता. शेजारी एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात.

"चल गं घरी. दाढ दुखायची थांबली."

"आजोबा, उठा. आधी जागेवर धावा."

"दाढ काढायचीय, शर्यत नाही!"

"आम्ही गणिताआधीही धावतो. बाई म्हणतात, भीती घामावाटे जाते."

"मग गणितं सुटतात?"

"नाही. पण चुकली तरी कोणी रडत नाही. आता प्रतिस्पर्ध्याशी हात मिळवा."

"कोणाशी?"

"दाढेशी."

"ती तोंडात आहे, बाई!"

"गालावरून मिळवा. 'छान खेळलीस' म्हणा."

"जन्मभर खेळली बिचारी."

"आणि तुम्ही तिच्या निरोपाच्या सामन्यातून पळणार?"

आजोबांनी गाल थोपटला, बाह्या सरसावल्या आणि ते धावतच आत गेले.

शिंपी उभा राहिला.

"बाळ, गुडघे कुठपर्यंत उचलायचे?"