चंद्री म्हशीचा कौल

मंडळी, ऐका. माझा आज सोमवार, सकाळपासून पाण्यावर आहे. आवाज चढायचा नाही. तसा तो एरवीही चढत नाही, म्हणून जवळ सरकून बसा. आणि सांगा बघू मला – ज्याला सगळं ठाऊक आहे, त्या देवापुढे माणूस खोटं का बोलतो?

हसू नका! आपण बोलतो. हेमलता बोलली, तेच ऐका.

तळकोकणातली ही बाई. नवरा दत्ताराम, गोठ्यात चंद्री नावाची एक म्हैस. व्रतवैकल्यात कसूर नाही. पण पावसाळा संपल्यापासून हिचं पोट बिघडलं. कधी पहाटे कळ, की धावत परसात! कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. तालुक्याला डॉक्टरांकडे गेली – गुपचूप हो, बाजाराच्या निमित्तानं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक साधंच असेल. पण दुर्बीण घालून आतडं एकदा बघून घेऊ." तारीख मिळाली पुढच्या महिन्याची.

आता एवढ्या वाक्यातलं हेमलतेनं घरी काय आणलं? 'साधंच' राहिलं दवाखान्यात. घरी आला तो फक्त 'पण'!

मग काय? उठता-बसता पोट चाचपायचं. मोबाईलला विचारायचं. आणि मोबाईल कसा? शेजारच्या भोचक आत्याबाईसारखा – साधं दुखणं त्याला माहीतच नाही, थेट बाराव्याची तयारी!

शेवटी तिनं ठरवलं, ग्रामदेवतेला कौल लावायचा. म्हणजे काय, तर मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण मेख अशी, की गुरव गाऱ्हाणं घालतो ते मोठ्यानं, चारचौघांत! आणि हिचं दुखणं कुठलं? बाईमाणसानं देवळात काय सांगायचं – परसात धावते म्हणून?

भिकाजी गुरवानं विचारलं, "काय घालू गो गाऱ्हाणा?"

हेमलता म्हणाली, "म्हशीचं... पोट बिघडलंय."

झालं! गुरवानं हात जोडले – "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीच्या गोठ्यात चंद्री म्हस आसा. तिच्या पोटात बिघाड झालो हा, तो दूर कर रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले – "व्हय म्हाराजा!"

आणि कळी पडली. उजवी!

हेमलता तरंगत निघाली. व्हाळाच्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या लहानशा पुलावर आली आणि पाय थबकले. मंडळी, का? अहो, कौल मिळाला कुणाला? म्हशीला! हिला कुठे मिळाला?

इकडे गाव म्हशीच्या समाचाराला लोटला. शेजारची शेवंतीवहिनी डाळिंबाची साल घेऊन आली. कुणी थेट जनावरांच्या डॉक्टरांनाच धाडलं. दत्ताराम चक्रावला – "गो, चंद्री तर मजेत रवंथ करता!"

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास काय होतो हिला?"

हेमलता बोलायला लागली, ती थांबेचना. "पहाटे कळ येते, धावत जावं लागतं..."

"धावत? म्हैस धावत कुठे जाते हो, बाई?"

 दत्तारामानं बायकोकडे बघितलं. हळूच म्हणाला, "पहाटे उठून परसात तू जातंस, चंद्री नाय." आणि मग, "देवाक खोटा कित्याक सांगलंस? माका तरी सांगायचा!"

तिथे शेणाच्या पाटीशेजारी बसून हेमलता रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं रडली.

दुसऱ्या दिवशी दोघं देवळात. गुरवानं कळ्या उचलल्या. ती म्हणाली, "कौल नको, भिकाजीबाबा. उत्तर दुर्बीण देईल. तुम्ही गाऱ्हाणं तेवढं घाला – आणि ह्या वेळी माझ्या नावानं."

भर देवळात, तिच्या नावानं गाऱ्हाणं झालं. "तपासणीपर्यंत लेकीक धीर दी रे म्हाराजा!" – "व्हय म्हाराजा!" आणि कुणी हसलं नाही. उलट शेवंतीवहिनी कानाशी आली, "लाज कसली गो? पोट सगळ्यांकच आसा! माझी झाली ती तपासणी. आदल्या दिवशी औषध पिवन जीव जाता, तेवढाच. मिया येतंय तुझ्यावांगडा, सोबतीक."

भीती गेली का? नाही हो! भीती ओसरीवर बसून राहिली. पण घराच्या किल्ल्या आता त्या भीतीच्या कमरेला नव्हत्या. हेमलता पेज जेवू लागली, झोपू लागली. मोबाईल फडताळात गेला. आणि ठरल्या तारखेला, एका हाताला नवरा, एका हाताला शेवंतीवहिनी, अशी ती ताठ मानेनं दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

"माई, रिपोर्ट काय आला?" – कोण ते मागून? बघा, तुम्हालाही कौलच हवा! अहो, साधं निघालं तर औषध आहे, मोठं निघालं तर वेळेत सापडलं. दोन्हीकडे देव उभाच आहे. ज्या बाईला दुखणं स्वतःच्या तोंडानं सांगता आलं, तिला मी तरी जिंकलेलीच म्हणते.

आता आपल्याकडे वळू. आज घरी गेलात की आपापल्या गोठ्यात डोकावा. कुठलं दुखणं कुठल्या म्हशीच्या गळ्यात बांधून ठेवलंय? सोडा ते. आधी देवाला सांगा, मग घरच्यांना, आणि उद्या सकाळी डॉक्टरांना. न लाजता, आपल्या नावानं!

सांगाल ना? मग हात जोडा, आणि त्या चंद्रीलाही ऐकू जाईल असं म्हणा –

व्हय म्हाराजा!