आशाबाईंच्या पिशवीतल्या चाव्या

सत्यभामाबाई कीर्तनाला अमडापूरला निघाल्या होत्या. चिखलीच्या बसस्टँडवर शेजारच्या बाकावरचं बोलणं कानी आलं आणि त्यांना वाटलं, पूर्वरंग इथंच सुरू झाला.

“आशाबाई, तुमच्या गल्लीत खोली पाह्यली मी. पण सून लहान पोरीले घेऊन एकटीच राहीन. चोऱ्या तं नाई होत न?”

“उकंडरावभाऊ, पलीकडच्या कॉलनीत दोन मोटारसायकली गेल्या. बाजारगल्लीत तं रोजचंच हाय. आमच्याकडं साधी चप्पल बी नाई गेली.”

“काऊन? पोलीस राह्यते का तिथं?”

“पोलीस कायचा! ओट्यावर मी बसते न! जो बाहेर जाते, तो मले चावी देऊन जाते. नवा माणूस दिसला का आधी पाणी पाजते, मंग त्याचं गाव, आडनाव, मामाचं गाव, सारं विचारते. चोराले एवढा वेळ कुठं असते?”

“मंग आज चाव्या कोणापाशी हायेत?”

आशाबाईंनी पिशवी चाचपली. आत खुळखुळलं.

“अगं माय! साऱ्या गल्लीच्या चाव्या घेऊन लोणारले निघाली मी!”

तेवढ्यात गल्लीतल्या गोकुळचा फोन आला.

“हाव गोकुळ, माह्यापाशीच हायेत. कुलूप तोडू नोको बे, आलीच मी. सारे कुठं बसले? माह्या घरात? म्हंजे माह्यं दार सकाळपासून उघडंच?”

“अरे बापा! काही गेलं का, आशाबाई?”

“गेली न भाऊ, साखर! साऱ्यायनं चहा करून पेला.”

उकंडराव पोट धरून हसले.

“चाला, मी बी येतो. सुनेची चावी बी तुमच्याचपाशी राहीन आता.”