मागितला होता एकच जोड

...आणि वर मलाच सांगतात, बाबा, तुम्ही यात पडू नका. अहो, त्या कंपनीचा कारभार रुळावर आणला कुणी? या चौथी नापास माणसानं. मी नसतो तर सगळं आडवं झालं असतं... म्हणजे आडवंही मीच केलं होतं, पण ते जाऊ द्या, माणसानं चांगलं तेवढं लक्षात ठेवावं.

तुम्हाला सांगतो, माझा काडीचा दोष नाही. मी मागितला होता एकच जोड.

आमची सूनबाई एका चपला-बूट विकणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दुकान नाही, गल्ला नाही, फोनवर चित्र दाबायचं की चप्पल घरी. माझी टाच दुखते, डॉक्टर म्हणाले मऊ तळाची घाला, तर सूनबाई म्हणाली, "बाबा, आमची नवी यंत्रणा सोमवारी लोकांसाठी उघडतेय, त्याआधी घरच्यांनी वापरून बघायचीय, फुकट आहे, तुम्हीच मागवा." सहा महिने पोरगी त्या यंत्रणेमागे लागलेली, ताटात काय वाढलंय तेही बघत नव्हती. आणि साहेबांनी तोंडावर सांगितलेलं, सोमवारी अडखळलं तर हे काम पलीकडच्या टेबलावर जाईल. पलीकडच्या टेबलावर एक टायवाला बसतो. मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलाय त्याला. टाय इतका आवळलेला की मागं बघायचं तर खुर्चीसकट फिरतो. त्याच्या हाती काम जायचं म्हणजे... असो.

तर मी तपकिरी रंग निवडला, आठ नंबर निवडला, बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. फिरतंय... फिरतंय... मी चष्मा पुसून आलो, फिरतंय. मग परत दाबलं. तुम्ही काय केलं असतं? कुणी दार उघडलं नाही तर आपण बेल परत वाजवतो की नाही? आणि दहा वेळा बेल वाजवली म्हणून आतून दहा बायका येतात का दार उघडायला? एकच येते, आणि तीही कपाळाला आठ्या घालून येते. पण हे चपलांचं घर निराळंच निघालं. मी सतरा वेळा दाबलं. खरं सांगू? पहिल्या सहा वेळा चिडून दाबलं. पुढच्या अकरा वेळा मजा यायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी पार्सलवाला आला, घामाघूम, हनुवटीपर्यंत खोकी. म्हणतो, "काका, घरात कार्य आहे का?" म्हटलं, नाही. "मग घरात गोम पाळलीय का, शंभर पायांची?" म्हटलं, तोंड सांभाळ, मी मागितला होता एकच जोड. म्हणतो, "हे धरा, उरलेली अकरा खाली गाडीत आहेत."

सतरा जोड. सगळे तपकिरी, सगळे आठ नंबर. माझ्या पलंगाभोवती भिंत उभी राहिली, झोपायला आडवं चालत जावं लागायचं खेकड्यासारखं. मी दर तासाला जोड बदलून शेजाऱ्यांच्या दारावरून चकरा मारल्या, म्हटलं जरा जळतील. कुणाला जळायला फरक तर दिसला पाहिजे!

सूनबाई संध्याकाळी आली, खोकी बघितली आणि खालीच बसली. पांढरीफटक. मला वाटलं आता ओरडेल, तर ओरडलीसुद्धा नाही. नुसती म्हणाली, "बाबा, हे सोमवारी हजार लोकांकडे झालं तर माझं संपलं." त्या वेळी, तुम्हाला सांगतो, मला त्या अकरा वेळांची थोडी लाज वाटली. थोडीच.

मग तिनं जेवणाच्या टेबलावर चार कप मांडले आणि मला समजावलं. पूर्वी म्हणे एकच अवाढव्य प्रोग्राम होता, सगळं तोच करायचा. तो तोडून चार लहान केले. एक मागणी घेणार, एक फळीवर माल आहे का बघणार, एक खोक्यात भरणार, एक गाडी बोलावणार. म्हटलं, म्हणजे भाऊ वेगळे झाले. "हो, बाबा." मग बोलतात कसे एकमेकांशी? "फोन केल्यासारखं. मागणीवाला फळीवाल्याला विचारतो आणि थांबतो, फळीवाला खोकेवाल्याला विचारतो आणि थांबतो, खोकेवाला गाडीवाल्याला..."

बघा आता. वेगळे झालेत कशाला? चौघे कानाला फोन लावून उभे, आणि शेवटचा गाडीवाला गप्प. त्यानं उचलला नाही तर बाकी तिघांच्या मुंग्या पायातून डोक्यात! वर मागणीवाला कंटाळून मधेच फोन ठेवतो, आणि माझ्यासमोर नुसतं चाक फिरत राहतं. इकडे खोकेवाल्यानं तोवर भरलेलंसुद्धा असतं. त्याला कुठं माहीत वरच्यानं फोन ठेवला ते? मी पुन्हा दाबतो, तो पुन्हा भरतो. यात माझी काय चूक? मी मागितला होता एकच जोड.

सूनबाई म्हणाली, "साहेब म्हणतात फोनच असू दे, उत्तर लगेच मिळतं. मला वाटतं फोन नको, पेटी ठेवावी, चिठ्ठी टाकायची आणि आपल्या कामाला लागायचं. पण साहेबांना पटवू कशी?"

म्हटलं, पोरी, चाळीस वर्षं मी आणि तुझी सासू एका घरात बोलतोय, आम्हाला विचार. मी न्हाणीघरात ओला उभा आहे आणि टॉवेल बाहेर राहिलाय, तिथं चिठ्ठी लिहून चालेल का? तिथं हाकच मारली पाहिजे, आणि उत्तर येईपर्यंत थांबलंच पाहिजे. पण सदऱ्याची उसवण शिवून हवीय, त्यासाठी मी दारात उभा राहून तिच्याकडे टक लावली तर लाटणं येईल अंगावर. ते काम चिठ्ठीचं. फळीवर जोड आहे का, हे विचारायला हाक मार, दोन शब्दांत उत्तर घे आणि मोकळी हो. भरा, पाठवा, ही सगळी चिठ्ठी. गाडीवाला जेवायला गेला असला तर येऊन वाचेल, त्याच्यापायी बाकीच्यांनी का ताटकळायचं?

सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. मी मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही म्हणते, "आणि यांनी सतरा चिठ्ठ्या टाकल्या तर?"

बसली ना माझी मिशी खाली.

"यांचं मला रोजचं आहे," ही म्हणाली. "एकच गोष्ट पाच वेळा सांगतात. मी एकदाच करते. ऐकल्याबरोबर मनात खूण करायची, आणि परत तेच आलं की कान बंद." सूनबाई ताडकन उठली. "आई, खूण! एका मागणीला एक नंबर, बटण कितीही वेळा दाबोत. तोच नंबर परत आला की चिठ्ठी केरात!" दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की मला वाटलं मीच केरात पडलोय.

साहेब पटले, पण दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सोमवारी यंत्रणा उघडली आणि लोण्यासारखी चालली. साहेबांच्या पाहुण्यांपैकी एकानं नऊ वेळा बटण दाबलं म्हणे, आला एकच जोड. काम सूनबाईकडेच राहिलं, टायवाला अख्खी खुर्ची फिरवून टाळ्या वाजवत होता. साहेबांनी विचारलं, ही कल्पना कुठून सुचली? तर आमची सूनबाई काय म्हणाली असेल? "सासूबाईंकडून." अहो, टॉवेल कुणाचा होता? ओला कोण उभा होता?

बरं, तेही सोडलं. म्हटलं आता ती सोळा खोकी परत करू, माझा पलंग मोकळा करू. सूनबाईनं ते सतरा जोड एकाच मागणीच्या नंबराखाली बसवले होते, कारण मी मागितला होता एकच जोड. मी परतीचं बटण दाबलं, सोळा जोडांसाठी इमानदारीत सोळा वेळा. यावेळी मजा म्हणून नाही हो, शपथ. आणि काय झालं असेल? पहिली चिठ्ठी घेतली आणि बाकी पंधरा, तोच नंबर म्हणून, केरात! पार्सलवाला आला, एक खोकं उचललं. म्हटलं, बाकीची? म्हणतो, "काका, मला एकाचीच चिठ्ठी आहे." आणि नेलं कुठलं? ज्यात मी दुपारी आडवा होताना पायातला जोड काढून ठेवला होता ते. तळ माझ्या टाचेला इतका छान बसला होता.

डोकं तापलं. सूनबाई कामावर, तक्रार करायची कुणाकडे? गेलो स्वयंपाकघराच्या दारात. म्हटलं, अगं, चहा टाक. ही वळलीसुद्धा नाही. म्हणते, "हाक टॉवेलपुरती. बाकी चिठ्ठी." बघा, माझंच शास्त्र माझ्यावर. लिहिली चिठ्ठी, ठेवली डब्याखाली, बसलो त्या खोक्यांच्या भिंतीआड. अर्धा तास झाला, पाऊण झाला. शेवटी उठलो, नवीकोरी चप्पल, टाचेला टोचतेय, लंगडत परत गेलो. म्हटलं, माझ्या चहाचं काय झालं?

म्हणते, "चिठ्ठी मिळाली. पण हीच मागणी सकाळीही आली होती, आणि तो चहा तुम्ही प्यायलात."