एकोणीस किलोचं बाळ

वजनाच्या रांगेत लेकीला कडेवर घेतलेली शिंपीण कान टवकारून उभी होती. पुढच्या बाईचा सव्वा वर्षाचा मुलगा काट्यावर एकटा बसेना, म्हणून नर्सने त्याला आईसकट उभं केलं होतं.

“दोघांचे मिळून बहात्तर. आता त्याला सासूबाईंकडे द्या आणि एकट्या उभ्या राहा.”

“कशाला? माझं मला माहीत आहे की. त्रेपन्न.”

“म्हणजे बाळ एकोणीस किलोचं?”

“अंगापिंडाने आमच्यावर गेलाय,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, बरगड्या दिसतायत त्याच्या!”

“हाडंच जड आहेत हो,” आई म्हणाली.

“एकोणीस लिहिलं तर त्याचा पोषण आहार बंद होईल. वर पथ्य सांगावं लागेल.”

“पथ्य? याला?”

“मग राहताय उभ्या?”

“...ताई, जरा कान इकडे करा.”

“चौसष्ट?” नर्स केवढ्याने तरी ओरडली. “अहो, म्हणजे पोर आठच किलोचं! आजपासून दुप्पट आहार.”

“चौसष्ट!” सासूबाईंनी नातवाला घट्ट धरलं. “लग्न ठरवताना त्रेपन्न सांगितलं होतं यांनी!”

“चला, पुढे कोण?”

शिंपिणीच्या लेकीने काटा बघताच आईच्या गळ्याला मिठी मारून भोकाड पसरलं.

“हिलाही तुमच्यासकटच घेऊ या.”

“नको नको, माझी बसते एकटी. रडतेय ती हौसेने.”