बंदुकीला फुटले पाय

नाही नाही, हसा तुम्ही! हसायला तुमचं काय जातंय? तुम्हाला कुणी बंदुकीला पाय आणायला पाठवलं नाही ना! मलाही कुणी पाठवलं नव्हतं म्हणा, मीच गेले आपल्या पायांनी, आणि तीच तर सगळी भानगड आहे. तुम्हाला सांगते, बंदूक निवडणं सोपं. माझी तर आजोबांची, भिंतीवर टांगलेली, आयती! शिकारीला जागा? दाराबाहेर अख्खा मोंटाना, नुसते डोंगर नि जंगल, पसरलाय! पण ती बंदूक टेकवायची कशावर... या एका प्रश्नावर आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडतील, सख्खे भाऊ चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसतील!

आता मला कशाला हवे होते पाय? तर त्याचं असं झालं, की कॉलेज संपवून मी घरी आले आणि पहिल्याच जेवणाला काटा खाली ठेवून भाषण ठोकलं. म्हटलं, "आपण जे खातो ते कसं मेलं हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे! आजपासून या घरात दुकानातलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मांस बंद! वर्षभर एल्क खायचा, तोही एका गोळीत, तडफड न होता मेलेला!" घोड्याएवढं थोराड हरीण हो ते, एक मिळालं की घराचा हिवाळा निघतो. आई म्हणाली, "बरं बाई. फ्रीझर रिकामाच आहे. भर." एवढंच! आणि नेमकं बाबाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, हात झोळीत, या मोसमात त्याला बंदूक बंद. म्हणजे सगळ्या घराचा हिवाळा माझ्या एका बोटावर! आणि चाप ओढायच्या आधी एकच नियम, जो आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतो... बंदूक हलता कामा नये!

गेले दुकानात. तिथे केल्विन. माझ्याच शाळेतला, आता दाढीवाला. डोक्यापासून बुटापर्यंत झाडाझुडपांच्या छापाचे कपडे. दुकानात! अरे, कुणापासून लपतोयस, गिऱ्हाइकापासून? मी म्हटलं, "बायपॉड दाखव. नळीखाली लावायचे ते दोन पाय." तो असा हळहळला, जणू मी नुकताच एखादा आजार सांगितला. "मॅरिन, झोपून मारणार, बसून मारणार, की उभ्याने?"

"ते मी कसं सांगू? ते एल्क ठरवणार ना!"

"तसं नाही चालत. आखूड पाय, लांब पाय, वाकणारे पाय, फिरणारे पाय... हा बघ, पिसासारखा हलका!"

"हलका म्हणजे डुगडुगेल?"

"डुगडुगणारच! म्हणून हा जड घे."

"जड घेऊन डोंगर चढायचा?"

"दम लागणारच! दम लागला की हात थरथरतो, हात थरथरला की... मॅरिन, बंदूक हलता कामा नये!"

म्हटलं, जाणत्यांना विचारू. इंटरनेटवर शिकाऱ्यांचा कट्टा असतो, तिथे अगदी नम्रपणे एक प्रश्न टाकला. अहो, दंगल! एक म्हणतो, डोंगरात बायपॉड वापरणारा दूधपिता. दुसरा म्हणतो, न वापरणारा खाटीक. तिसरा म्हणतो, दोन पायांवर काय उभं राहतं, तीन घ्या. चौथ्याने माझी बंदूक कुठली ते विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाला, "आधी ती फेका." माझ्या आजोबांची बंदूक! आणि ही भांडणं करणारे सगळे कुठे बसलेले? सोफ्यावर! यांच्यातल्या निम्म्यांनी एल्क पाहिलाय तो फक्त कॅलेंडरवर, पण ठणकावून सांगतात कसं, बंदूक हलता कामा नये!

तिथून उठले आणि गेले ऑर्विल काकाकडे. काका कायमचा कॅफेत, समोर हकलबेरीचा, म्हणजे रानातल्या जांभळ्या बेरीचा पाय, तो खायचा पाय हो, पायच पाय आहेत नुसते माझ्या नशिबात! म्हटलं, "काका, तुमच्या वेळी कशावर टेकवायचात?"

"टोपीवर!" काका म्हणाला. "दगडावर टोपी, टोपीवर बंदूक."

"आणि लागायची गोळी?"

"एकदा टोपीलाच लागली."

बाबाने शांतपणे सांगितलं, "पाठीवरची पिशवी पुढे टाक, तिच्यावर टेकव. तुझे आजोबा तेच करायचे." मी म्हटलं, "बाबा, विज्ञान पुढे गेलंय!" झोळीतला हात दुसऱ्या बाजूला वळवून त्याने टीव्ही लावला.

शेवटी घेतला आखूड पायांचा बायपॉड. का, तर नेमबाजीच्या मैदानावर सिमेंटच्या ओट्यावर पालथं पडून मारलं, तर भोकात भोक! शेजारचे म्हातारे उठून बघायला आले. तो भोकांचा कागद मी फ्रीजवर लावला. रिकाम्या फ्रीझरच्या अगदी वर!

मोसम उघडला. उजाडता उजाडता आम्ही टेकाडावर, बाबा वाट दाखवायला बरोबर. समोर एल्कचा कळप. पडले पालथी, उघडले पाय, लावला डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीला... आणि समोर पान. एकच पान. हे एवढं!

"बाबा, एल्क कुठायत?"

"अगं समोर!"

"समोर पान आहे!"

"मग ऊठ थोडी!"

"उठले तर हे पाय जमिनीला पुरत नाहीत!"

सिमेंटवर झुडपं उगवत नाहीत हो! आमच्या डोंगरावर मात्र कमरेएवढं सेजचं झुडूप माजलेलं असतं, हे मला, इथेच जन्मलेल्या मुलीला, त्या ओट्यावर एकदाही आठवू नये? एल्क निघून गेले. धावतसुद्धा नाही, चालत! केल्विनकडे जाऊन लांब पाय आणले, तर पुढच्या खेपेला उतार निघाला. एक पाय वर, एक पाय खाली, बंदूक अशी कलंडली, जणू शनिवारी बारमधून बाहेर पडतेय. मग उभ्याने मारायच्या काठ्या आणल्या. त्या उघडताना असा खडखडाट झाला, की पलीकडच्या दरीतल्या एल्कनीसुद्धा माना वर केल्या. आणि प्रत्येक वेळी केल्विन गल्ल्यामागून तेच म्हणणार, "सुधारतेयस तू! फक्त एक लक्षात ठेव..." हो रे बाबा, कळलं! बंदूक हलता कामा नये!

असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. आईने सकाळी फ्रीझर उघडून पुसून घेतला. अगदी कोपरान्‌कोपरा. आणि दार लावलं!

गुडघाभर बर्फ. चढून वर आलो आणि... तुम्हाला सांगते, समोर कोण? एल्कची मादी. एकटी, आडवी उभी, जवळ, कुंपणाच्या अलीकडे, सरकारी जमिनीवर, आमच्या हक्काच्या! बाबाने एका हाताने पाठीवरची पिशवी काढली आणि माझ्यापुढे बर्फात सरकवली. कुजबुजला, "टेकव." मी मान हलवली. नाही! एवढी तालीम केलीय, पायच लावणार! उजवा पाय उघडला, खट्. डावा... उघडेना. बर्फाने गोठलेला! फुंकर मारली. हातमोज्यात धरून चोळला. बुटावर आपटायचाही मोह झाला, पण आवाज झाला असता. आणि तेवढ्यात ती बया चरत चरत, रमत गमत कुंपणापाशी गेली, आणि घरचा उंबरा ओलांडावा तशी पलीकडे उतरली.

आणि तेव्हा उघडला डावा पाय!

पडले पालथी. काय सांगू तुम्हाला... दगड! बंदूक नव्हे, दगड! केसभर हलेना. दुर्बिणीत तिचा खांदा, खांद्यामागे काळीज, आणि शेजारी कुंपणाचा खांब. नारिंगी रंगवलेला. आता तुम्हाला सांगायला नको, आमच्याकडे अंगावर नारिंगी म्हणजे गोळी मारू नका, आणि खांबावर नारिंगी म्हणजे पाऊल टाकू नका!

बाबा म्हणाला, "मार."

"बाबा, ती पलीकडे गेली."

"आत्ता अलीकडे होती."

"आता पलीकडे आहे! ती जमीन त्या बाहेरगावच्या शेठची, खासगी आहे."

"तो शेठ फ्लोरिडात वाळूत लोळतोय. त्याला एल्क आणि गाय शेजारी बांधून दिली तर गायीला गोळी मारेल."

"पण खांब नारिंगी आहे ना!"

"जाकीट तुझंही नारिंगी आहे. मी ऐकतो का तुझं?" मग म्हणाला, "बंदूक हलतेय का?"

"नाही."

"मग?"

मग काय... बोट चापावर होतं. डोळ्यांसमोर तो पुसलेला फ्रीझर होता. खरं सांगू का, त्या क्षणी कुंपण हे मला अगदीच फालतू प्रकरण वाटलं, चार तारा आणि थोडा रंग! पण मेजावर भाषण मीच ठोकलं होतं ना? कसं मेलं हे ठाऊक असलं पाहिजे म्हणून? मग उद्या कुणी विचारलं तर काय सांगू, चोरून मेलं म्हणून? बोट काढलं. गोळी बाहेर घेतली. ती मादी चरतच राहिली, आमच्याकडे शेपूट करून.

बाबा पिशवीवर बसला. बंदुकीकडे बघत म्हणाला, "टेकवलीस मात्र सुरेख." शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं हो!

रविवारी आईने टेबलावर काय ठेवलं असेल? दुकानातली कोंबडी! भाजलेली, तांबूस, वरून रस्सा, असा वास सुटलेला... प्लास्टिक ओट्यावर तसंच पडलेलं, तेही जरा मला दिसेल असं. बाबाने डाव्या हाताने काटा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "मॅरिन, ही कशी मेली, ठाऊक आहे तुला?"

बोलायला होतं माझ्याकडे, अख्खं भाषण तयार होतं... पण दिवसभर बर्फ उपसून मी अंगणात रुतलेला ट्रक बाहेर काढला होता, आणि वास असा येत होता...

म्हटलं, "नाही ठाऊक, बाबा. पण तंगडी इकडे दे."