सोमवारी रात्री दोन

हॅलो?… हो, भार्गवीच बोलतेय. आपण कोण?… दीक्षा? अगं, हा कुणाचा नंबर?… हॉस्पिटलातल्या सिस्टरचा. असं होय.

हो, बघितले तुझे कॉल. नऊ नाही, अकरा होते… मीटिंगमध्ये होते गं… बरं बाई, नव्हते मीटिंगमध्ये. घाबरले होते. झालं समाधान?… अगं, रडू नको. दीक्षा, रडू नको ना, तू रडलीस की मला काही सुचत नाही. थांब, मागे वाडीत जाते, घरात रेंज मरते… हां. आता विहिरीपाशी आले. बोल. संघर्ष कुठे आहे?

हॉस्पिटलच्या ऑफिसात बसवलाय? आणि तू बाहेर बाकावर?… सकाळी आठपासून! काही खाल्लंस का?… चहा म्हणजे खाणं नव्हे. शाळेत रजा कळवलीस?… बरं.

हो, तुळशीरामकाका गेल्याचं सोमवारीच कळलं मला. आपण कॉलेजला जाताना बोट सुटायची वेळ झाली की दोर धरून उभे राहायचे. 'पोरी धावत येतायत, थांबा रे' म्हणून ओरडायचे… हो ना. आपल्यामुळे किती वेळा शिव्या खाल्ल्या त्यांनी. आणि त्यांचा मुलगा काय म्हणतो?… असं म्हणाला? संघर्षच्या तोंडावर?… अगं आई गं.

नाही. नाही, ऐक माझं. तुझ्या भावाने कुणाला मारलेलं नाही. हे आधी डोक्यातून काढ… मग तू मला पहिल्यापासून सांग, त्याने काय काय केलं होतं… अगं, माहीत आहे मला आमच्या कंपनीचं टूल कसं चालतं! त्याचे स्क्रीन मीच डिझाइन केलेत. तरी तुझ्या तोंडून ऐकू दे… हां… ट्रस्टच्या चार हॉस्पिटलांतले सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून अपडेट करायचे, बरोबर, त्यासाठीच आहे ते टूल. आयसीयूचा नंबर सगळ्यांत शेवटी ठेवला. शहाणा आहे… सिस्टरच्या टेबलावरचा मोठा स्क्रीन वीस मिनिटं बंद राहणार, हो, सगळ्या खाटांचे आकडे त्याच्यावरच दिसतात… म्हणून त्या रात्रीपुरत्या दोन जास्तीच्या सिस्टर. खाटांपाशी बसून राहायला. डॉक्टरांची परवानगी घेतली, लेखी?… लेखी! बघ, किती नीट केलं होतं पोराने. आणि रात्र कुठली ठरली होती?… सोमवारची.

सोमवारी रात्री दोन.

विहिरीच्या कठड्यावर बसले जरा.

आणि टूलमध्ये त्याने वार निवडला सोमवार, वेळ निवडली दोन. हो ना?… तिथेच. दीक्षा, तिथेच गेलं सगळं. अगं, कॉम्प्युटरचा सोमवार रविवारी रात्री बारा वाजता सुरू होतो. त्याला सोमवारचे दोन सांगितले, की आपण रविवारी जेवून झोपलो ना, त्याच रात्री दोनला तो कामाला लागतो. एक रात्र आधी… हो. सिस्टर यायच्या होत्या सोमवारी रात्री. स्क्रीन बंद पडला रविवारी रात्री. कुणालाच ठाऊक नाही… हो. आयसीयूत काकांच्या उशाशी मशीन ओरडत राहिलं असणार. आणि ड्यूटीवरची सिस्टर?… एकटीच, दुसऱ्या वॉर्डात. तिचाही काय दोष.

वीस मिनिटं. नको गं, नको सांगू पुढचं.

चूक? कसली चूक! तुला सोमवारी रात्री दोन वाजता पोटात दुखलं तर सकाळी मला काय सांगशील? मंगळवारी दुखलं म्हणशील?… मग! तू म्हणणार नाहीस, मी म्हणणार नाही, अख्ख्या रायगडात कुणी म्हणणार नाही. त्याने जे बोलतात तेच लावलं. टूलने विचारायला हवं होतं, बाबा रे, म्हणजे नक्की कुठली रात्र?… हो, हेच सांग त्यांना. चौकशीची कमिटी किती वाजता बसतेय?… तीनला. आता दीड होतोय. तोपर्यंत त्याने कशावरही सही करायची नाही. कुणी कितीही गोड बोलू दे.

कसला कागद?… आमच्या कंपनीने पाठवलाय? कुणाच्या सहीने?… सुयश. हो, माझा साहेबच तो. सोमवारी सकाळी फोन करून म्हणाला, हॉस्पिटलच्या कुणाशी एक शब्द बोलायचा नाही… म्हणूनच गं. म्हणून नाही उचलला… हो, भित्री आहे मी. वाच तो कागद… सावकाश वाच, वाऱ्यात ऐकू येत नाही.

'सदर कर्मचाऱ्याने चाचणीच्या वेळीही नेमकी हीच चूक केली होती'…

वाच ना पुढे.

'त्यास त्याच वेळी समज देण्यात आली होती'… हं… 'साधनात दोष आढळला नाही. वापरणाऱ्याची चूक. प्रशिक्षण द्यावे.'

काय?… तू तिथवर आली नव्हतीस?… नाही गं, मला कसं माहीत असणार. अंदाजाने म्हटलं. ऑफिसचे कागद सगळे एकाच साच्यातले… खाली कुणाचं नाव आहे?… नुसतं 'तज्ज्ञ'? नाव नाही?… बरं.

काही नाही. दीक्षा, मला संघर्षशी बोलायचंय. आत्ता… शिपायाला विनंती कर, पाया पड, काहीही कर, दोन मिनिटं त्याला दाराशी येऊ दे… अगं, कामाचं विचारायचंय त्याला, तुला नाही कळणार ते. दे फोन.

…

संघर्ष? अरे, भार्गवीताई. कसा आहे… जाऊ दे, काय विचारतेय मी. ऐक, कुठल्याही कागदावर सही करू नकोस, आधी…

कधी?

सकाळी दहाला?… दीक्षा बाहेर बसलीय, तिला पत्ता नाही… अरे, पण काय लिहून दिलंस?… 'माझ्या चुकीमुळे'… कुणी दमदाटी केली का तुला?… मग? मग का रे बाबा?

'तज्ज्ञांनी लिहिलंय, म्हणजे चुकलंच असणार माझं.'

अरे गाढवा. अरे, तो तज्ज्ञ म्हणजे मी!

मी. मीच… हो, तो रिपोर्ट माझाय. त्यांनी वर एक ओळ जोडून मराठी करून पाठवलाय एवढंच… दीड वर्षापूर्वी नाही का, टूलची चाचणी घेतली, व्हिडिओवर? ताईच्या ऑफिसचा कॉल म्हणून तू इस्त्रीचा शर्ट घालून बसला होतास. मी म्हटलं, सोमवारी रात्री दोनचं लावून दाखव. तू लावलंस. आणि मी हसले. म्हटलं, अरे वेड्या, हे आदल्याच रात्री होऊन बसेल. मग तू काय म्हणालास, आठवतंय?… हो. 'उजाडल्याशिवाय वार कसा बदलेल, ताई?' तेवढं एक वाक्य मी रिपोर्टात लिहायला हवं होतं. सगळं त्यातच होतं. मी काय लिहिलं, वापरणाऱ्याची चूक.

समज कसली देतेय मी! हसले फक्त. फॉर्मात रकाना होता 'समज दिली का', तिथे हो लिहिलं, झालं… तू एकटा नव्हतास रे. तुझ्यानंतर चौघांकडून करून घेतलं, त्यातल्या तिघांनी हेच केलं. त्यांचंही तेच लिहिलं मी. पाचातले चार जण चुकतात आणि मला वाटलं माणसंच चुकतायत.

आणखी ऐक. मी एक ओळ घातली होती तिथे. बारीक अक्षरात, वाराच्या खाली, 'म्हणजे रविवारची रात्र' असं येणार होतं. मग खोडली… सुयशने नाही, मीच खोडली. स्क्रीन मोकळा हवा होता मला, त्या ओळीने गर्दी वाटत होती… हो. दिसायला. दिसायला बरं नव्हतं म्हणून.

ओरड माझ्यावर… 'असू दे ताई' काय! असू दे काय म्हणतोस, माणूस गेलाय, आणि तुझ्यावर पोलीस केस व्हायची वेळ आलीय!… हो, माहीत आहे, माझं टूल म्हणून तूच ट्रस्टच्या मागे लागून घ्यायला लावलंस. ते आता नको ना आठवण करून देऊस.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तुझा आवाज, माझं हसणं, सगळं. सुयशने काल पुसायला सांगितलं… नाही पुसलं. पुसणार नव्हते असं नाही म्हणत, खरं सांगते, काल दोनदा बटणावर बोट नेलं होतं. पण आहे. सगळ्यांसमोर ऐकवते ते.

काय?… हळू बोलू नको, ऐकू येत नाही… कुणाला नको सांगू?

दीक्षाला?

अरे, तू कशात अडकलायस आणि तुला तिची… 'तिला दुसरी मैत्रीण नाही'… माहीत आहे रे मला. मलाही नाही. म्हणून तर मघाशी तोंड उघडलं नाही माझं… नाही. नाही, संघर्ष, तू हे पोटात ठेवशील आणि मी तिच्या घरी जाऊन जेवेन, असं नाही जमणार मला. दे तिला फोन… दे म्हणते ना. ताईचं ऐकायचं.

…

दीक्षा. मध्ये बोलू नको, नाहीतर मला सांगता यायचं नाही. त्याने सकाळीच सही केलीय… हो. चूक माझी म्हणून लिहून दिलंय. तो कागद वाचला आणि खरा धरला त्याने. दीक्षा, तो कागद मी लिहिलाय.

मी… हो, भार्गवीने. दुसरी कोण?… हो, आपल्या संघर्षबद्दल… नाही, तुझा भाऊ म्हणून काही मनात आलं नाही, लिहिताना काहीच मनात आलं नाही. पाच मिनिटांत लिहिला आणि बाजाराला गेले… हो. मघाशी तू वाचत होतीस, तेव्हाच ओळखला… हो, अंदाज नव्हता तो. खोटं बोलले तुझ्याशी.

मी निघतेय. लॅपटॉप घेते आणि दिघीला येते, मिळेल त्या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरते. तीनपर्यंत नाही पोचणार, पण येते. कमिटीला सांगते, पोलिसांना सांगते, काकांच्या मुलासमोर उभी राहते… नोकरी जाऊ दे गं. तिचं काय घेऊन बसलीस… दीक्षा, तू काहीतरी म्हण.

…काय?

'या तुम्ही'?

दीक्षा… मला अहोजाहो करतेस?… अगं, अठरा वर्षांत कधी… शिव्या घाल ना मला. दीक्षा, अगं शिवी दे, पण असं… अगं…